प्रयोगशाळेतील रुग्णसेवा: डॉ. कमल रणदिवे यांचे संशोधनकार्य

आपल्या भिवंडीत एखाद्या घरच्या माणसाला ‘टाटाला नेले’ असे शब्द कानी पडले, की ऐकणाऱ्यांचे आवाज आपोआप खाली येतात. रोगाचे नाव कोणी उच्चारीत नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा उल्लेख झाला, की सांगावयाचे ते सांगून होते. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेव्हापासून किती तरी रोगी तेथून बरे होऊन आपापल्या घरी परतले. तथापि त्या नावाभोवतीचे भय अद्याप पुरते ओसरलेले नाही. भय हे बहुतांशी अज्ञानाचे अपत्य असते. ते दूर करण्याचा एकच खात्रीचा उपाय आहे, आणि तो म्हणजे ज्याचे भय वाटते त्याजकडे नीट निरखून पाहणे. ज्या एका महाराष्ट्रीय विदुषीने सारे आयुष्य असे निरखून पाहण्यात घालविले, त्या डॉ. कमल रणदिवे यांच्या कार्याची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुणे येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. आपल्या सर्व मुलांस, आणि विशेषतः मुलींस, उत्तम शिक्षण मिळावे याविषयी ते दक्ष असत. कमलताईंचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलगी हुशार निघाली, तेव्हा तिने वैद्यकीय शिक्षण घ्यावे आणि डॉक्टराशीच विवाह करावा, अशी वडिलांची मनीषा होती. आज आमच्या गावातील किती तरी घरांत हीच मनीषा याच शब्दांत बोलून दाखविली जाते! पण कमलताईंचा ओढा निराळा होता. त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेतले व पदवी विशेष प्रावीण्याने संपादन केली. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला, आणि १९४३ साली एम. एस्सी. ही पदवी मिळविली. मध्यंतरी १९३९ साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. पतीने त्यांच्या पदव्युत्तर अभ्यासास मनापासून साहाय्य केले. विवाह झाला म्हणून पुस्तक मिटावे लागले नाही, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती.

वाचक विचारतील, की सीताफळ कोठे आणि कर्करोग कोठे? या प्रश्नाचे उत्तर पेशी या एकाच शब्दात आहे. आमच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवून पाहिला असता विटांच्या भिंतीसारखी जी रचना दिसते, तिच्यातील एकेक वीट म्हणजे एकेक पेशी. सीताफळाचे झाड, उंदीर आणि मनुष्य ही तिन्ही पेशींचीच बनलेली आहेत, आणि पेशी वाचावयाची रीत तिन्ही ठिकाणी पुष्कळशी सारखीच आहे. जी दृष्टी झाडाच्या पेशीतील गुणसूत्रे मोजण्यात तयार झाली, तीच पुढे रोगाच्या पेशीकडे वळली. ज्ञान सहसा वाया जात नाही. ते कोठे उपयोगी पडेल हे मात्र आधी सांगता येत नाही.

आता कर्करोग म्हणजे काय ते पाहू. आपल्या बोटाला काप गेला, तर त्या जागेच्या पेशी दुभंगून नव्या पेशी निर्माण करितात, खाच भरून येते, आणि मग हे काम थांबते. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. ज्यांच्या घरी यंत्रमाग आहेत त्या मुलांस हे लवकर समजेल. धोट्यातील आडवा धागा तुटला, की माग आपोआप उभा राहतो. कारण तशी योजना त्या यंत्रातच केलेली असते. ती योजना बिघडली तर माग चालतच राहील, आणि त्यातून निघेल ते कापड नसेल. पेशीच्या ठायीही वाढ सुरू करण्याची व वाढ थांबविण्याची अशी योजना असते. ती तिच्या केंद्रातील जनुकांत लिहिलेली असते. तंबाखू, विशिष्ट किरण, काही विषाणू, वाढते वय, अथवा जन्मतः लाभलेला दोष अशा कारणांनी त्या लिखाणात बिघाडावर बिघाड साचत जातो. मग एखादी पेशी थांबण्याची आज्ञा मानीनाशी होते, तिची संतती तशीच निपजते, आणि शेजारच्या निरोगी भागात शिरकाव करू लागते. यासच आपण कर्करोग म्हणतो. तो कोणाच्या शापाने होत नाही, आणि रोग्याजवळ बसल्याने अगर त्याच्या ताटात जेवल्याने लागत नाही.

रक्तातही हाच बिघाड होऊ शकतो. रक्त हे वरवर पाहता तांबडे पाणी दिसते. परंतु त्याच्या एका घन मिलिमीटर थेंबात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी, ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी, आणि डेंग्यूच्या तापात ज्यांचा आकडा घरोघरी विचारला जातो त्या प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या रोगजंतूंशी झुंजतात, आणि प्लेटलेट रक्तस्राव थांबवितात. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. म्हणून हाडांच्या आतील मज्जेत नव्या पेशींची निर्मिती रात्रंदिवस चालू ठेवावी लागते. दर सेकंदास वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी तेथे तयार होतात. या मज्जेत एखाद्या कोवळ्या पांढऱ्या पेशीने थांबण्याची आज्ञा मोडली, म्हणजे अपक्व पेशींची गर्दी होऊन इतरांस जागाच उरत नाही. तांबड्या पेशी घटल्याने चेहरा निस्तेज होतो, कामाच्या पांढऱ्या पेशी घटल्याने ताप हटत नाही, आणि प्लेटलेट घटल्याने अंगावर काळेनिळे डाग उठतात. हा रक्ताचा कर्करोग होय. यास ल्युकेमिया हे नाव जर्मन शास्त्रज्ञ व्हर्को यांनी १८४७ साली दिले.

कमलताई विवाहानंतर मुंबईस आल्या व टाटा रुग्णालयात काम करू लागल्या. तेथे त्यांस डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारखे गुरू लाभले. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक असा त्यांचा लौकिक आहे. रोग्याच्या शरीरातील विकृती पाहत असताना त्याच्या राहणीकडेही पाहावे, ही खानोलकरांची शिकवण. कोठे पेटती चिरूट उलटी तोंडात धरून ओढण्याची चाल आहे व तेथे टाळूचा कर्करोग होतो. कोठे चुना-तंबाखू ओठामागे ठेवतात व तेथे ओठाचा होतो. आणि धोतर कमरेस घट्ट आवळून त्वचेचे वर्षानुवर्षे घर्षण झाल्याने तेथेही क्वचित कर्करोग उद्भवतो, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली दाखवून दिले. रोग हा अंधारातून उडी घेणारा पशू नसून त्याची पावले मागे-मागे जाऊन शोधता येतात, हा या शोधांचा इत्यर्थ. तंबाखूची पुडी ज्या खिशात असते त्या खिशाच्या मालकास ही गोष्ट त्याच्या मुलाने जरूर वाचून दाखवावी.

खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास आरंभिला. मनुष्यावर प्रयोग करणे योग्य नव्हे. म्हणून उंदरांची निवड झाली. उंदरांच्या काही जातींत स्तनाचा कर्करोग वारंवार होतो, तर काहींत तो क्वचितच आढळतो. असे का, हा त्यांचा प्रश्न होता. अशा निरनिराळ्या प्रवृत्तीच्या चार जातींच्या उंदरांतील निरोगी स्तनग्रंथींची त्यांनी परस्परांशी तुलना केली, आणि तो निबंध खानोलकर व रणदिवे या जोडनावाने १९४७ साली प्रसिद्ध झाला. येथे विद्यार्थ्यांनी एक मर्म ध्यानात घ्यावे. रोग समजून घेण्यास त्यांनी आरंभ केला तो निरोगी अवयवापासून. जे सरळ आहे ते ठाऊक नसेल, तर वाकडे कोठे वाकले हे कसे कळणार? १९४९ साली त्यांस मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळाली.

या प्रश्नावर परदेशातही काम चालू होते. अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी १९३६ साली एक साधी पण मार्मिक युक्ती योजिली. कर्करोगप्रवण जातीची पिले जन्मतःच त्यांनी दुसऱ्या, निरोगी जातीच्या मादीच्या दुधावर वाढविली. तेव्हा त्या पिलांत पुढे कर्करोगाचे प्रमाण फार उतरले. म्हणजे आईच्या दुधावाटे काही तरी संक्रमित होत होते, आणि ते ‘काही तरी’ म्हणजे एक विषाणू होता, हे मागाहून सिद्ध झाले. कमलताईंचे संशोधन याच वाटेने पुढे गेले. विषाणू, शरीरातील अंतःस्राव आणि आनुवंशिकता यांचा कर्करोगाशी संबंध कसा पोहोचतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे तपासले. आनुवंशिकतेचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असावा असे भारतात ज्यांनी प्रथम मांडले, त्यांत त्यांची गणना होते. पुढे १९९४ व १९९५ साली बी.आर.सी.ए. एक व दोन ही जनुके परदेशी शास्त्रज्ञांनी हाती लावून दिली, तेव्हा या विचारास पक्के अधिष्ठान मिळाले. मात्र उंदराची गोष्ट जशीच्या तशी मनुष्यास लावू नये. मनुष्यात असा दुधावाटे येणारा कर्करोग सिद्ध झालेला नाही. उलट, बाळास अंगावर पाजणाऱ्या मातेस स्तनाच्या कर्करोगाचा धोका काहीसा कमीच असतो. तसेच हा रोग बहुतेक स्त्रियांत वारशाने आलेला नसतो. म्हणून रोगी स्त्रीच्या मुलीबाळींकडे लग्नाच्या बोलणीत संशयाने पाहणे हे अज्ञानही आहे आणि अन्यायही आहे.

पीएच. डी. नंतर कमलताई अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन, म्हणजे टिश्यू कल्चर, शिकावयास गेल्या. शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या नळीत पोषक द्रवात ठेवून, शरीराइतकी म्हणजे ३७ अंश उष्णता राखून, जंतूंचा यत्किंचितही प्रवेश होऊ न देता त्या वाढविणे, ही ती विद्या. ऐकावयास सोपी, परंतु करावयास महाकठीण! हात जरा चुकला, की आठवड्यांची मेहनत एका बुरशीच्या ठिपक्याने व्यर्थ जाते. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली मनुष्याच्या कर्करोगाच्या पेशींचा पहिला अखंड वाढणारा वंश सिद्ध झाला. त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय मातेच्या होत्या. ती त्याच वर्षी निवर्तली. तिच्या पेशी मात्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्या घेताना तिची संमती विचारली गेली नव्हती, याची खंत पुढे शास्त्रज्ञांस वाटली व त्यावरून पुष्कळ नियम सुधारले. विद्येच्या मागे कोणा ना कोणा दुःखिताचे ऋण असते, हे विद्या शिकणाऱ्याने विसरू नये.

परदेशात राहणे कमलताईंस अशक्य नव्हते. पण त्या स्वदेशी परतल्या. मुंबईस १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले होते व खानोलकर त्याचे पहिले संचालक होते. या केंद्रात कमलताईंनी भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. कर्करोग कसा उत्पन्न होतो, पेशींचे व्यापार कसे चालतात आणि शरीर प्रतिकार कसे करते, या तीन विषयांच्या शाखाही त्यांनी तेथे रुजविल्या. प्राण्यांच्या साहाय्याने त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी रक्ताचा, स्तनाचा व अन्ननलिकेचा कर्करोग यांच्या कारणांचा मागोवा घेतला. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुराही वाहिली. कर्करोग व कुष्ठरोग या विषयांवर त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. त्यांच्या संस्थेचे कार्य आता नवी मुंबईतील खारघर येथे चालू आहे. ते काही आपल्यापासून फार दूर नाही.

त्यांच्या कुष्ठरोगविषयक कार्याचा उल्लेख केल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. कारण ज्या रोग्यांस समाजाने वेशीबाहेर ठेविले त्यांस प्रभू येशूने हात लावला, ही गोष्ट आमच्या शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ सालीच पाहिला होता. पण तो काचेच्या नळीत वाढविणे आजवर कोणास साधलेले नाही. कमलताई, डॉ. बापट व डॉ. खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून घेतलेला एक जंतू आपल्या ऊतिसंवर्धनाच्या विद्येने वाढविला, व १९५८ साली तो प्रसिद्ध केला. पुढील अभ्यासाअंती तो प्रत्यक्ष कुष्ठाचा जंतू नसून त्याचा एक भाऊबंद असावा असे दिसून आले. मग हे श्रम फुकट गेले काय? मुळीच नाही. त्याच जंतूपासून केंद्रातील शास्त्रज्ञांनी पुढे कुष्ठरोगावरील लस तयार केली आणि तिच्या चाचण्या झाल्या. एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर हाती येते, असे शास्त्राच्या इतिहासात वारंवार घडले आहे. मात्र ते त्यांच्याच हाती येते, ज्यांनी शोधण्याचे सोडले नाही.

शासनाने १९८२ साली कमलताईंस पद्मभूषण हा किताब दिला. परंतु त्यांच्या थोरवीचे दुसरे एक अंग आम्हांस तितकेच मोलाचे वाटते. प्रयोगशाळेत येणाऱ्या तरुण स्त्रिया घर आणि संशोधन यांच्या ओढाताणीत मध्येच काम सोडून जातात, हे त्यांनी पाहिले होते. १९७३ साली त्यांनी आपल्या सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघ स्थापन केला. या संघाने वाशी येथे नोकरी-शिक्षण करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह व लहान मुलांसाठी पाळणाघर चालविले. पाळणाघर ही वस्तू शास्त्राच्या पुस्तकात आढळत नाही. पण तिच्या अभावी किती शोध लागावयाचे राहिले असतील! निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्यात राजूरच्या परिसरात त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला, आणि तेथील स्त्रियांस आरोग्याचे शिक्षण देण्याचे काम हाती घेतले. २००१ साली त्यांचे देहावसान झाले.

आता पालकांस दोन शब्द. कमलताई डॉक्टर झाल्या नाहीत. त्यांनी कोणाची नाडी पाहिली नाही, कोणास औषधाची चिठ्ठी लिहून दिली नाही. तथापि रोग्याच्या खाटेशी उभा असलेला डॉक्टर ज्या ज्ञानाच्या आधारे औषध देतो, ते ज्ञान कोणी तरी दूरच्या खोलीत, काचेच्या नळ्यांपुढे बसून मिळविलेले असते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचेच पाहा. १९४८ सालापर्यंत त्यावर उपाय असा नव्हताच. त्या वर्षी बॉस्टनच्या डॉ. फार्बर यांनी एका औषधाने काही मुलांचा रोग तात्पुरता हटविला. आणि ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. आज या रोगाच्या मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, वेळेवर व पूर्ण उपचार मिळाल्यास, बहुसंख्य मुले बरी होतात. त्या मुलांच्या मातांस सुब्बारावांचे नाव बहुधा ठाऊकही नसते. अशी निनावी सेवा करण्याची ज्या मुलामुलींस ओढ आहे, त्यांस केवळ मोठ्या फीच्या धंद्याकडे ढकलू नये. मुलगी झाडाची पाने, किडे, दगड यांजकडे टक लावून पाहत असेल, तर ती वेळ दवडते असे न समजता ती काय विचारते ते ऐकावे. समर्थ यांनी आपल्या इच्छेपेक्षा मुलीच्या ओढीस मान दिला, म्हणून देशास एक शास्त्रज्ञ मिळाली.

दुसरे असे, की रोग लपवू नये. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी त्याच्या दुःखाचे मूळ पापात शोधू पाहिले. प्रभूने ते मान्य केले नाही व त्या मनुष्यास दृष्टी दिली. कर्करोग हा पाप नव्हे आणि लाजही नव्हे. स्तनात गाठ लागली, तोंडातील चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, किंवा मुलाचा ताप व अंगावरील डाग हटत नाहीत असे दिसले, तर शेजारणीस विचारण्यात महिने न घालविता डॉक्टरकडे जावे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण ज्या गाठी असतात त्या लवकर दाखविल्यास बऱ्या होण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो. कमलताईंनी आणि त्यांच्यासारख्यांनी आयुष्य वेचून मिळविलेले ज्ञान रोग्यापर्यंत पोहोचण्यास शेवटचे पाऊल रोग्यानेच टाकावयाचे असते.

आणि विद्यार्थीमित्रहो, तुम्हांस इतकेच सांगणे. शोध हा एका रात्रीत पडणारा प्रकाश नव्हे. तो रोजच्या वहीत नीट टिपलेल्या निरीक्षणांनी, स्वच्छ धुतलेल्या नळ्यांनी, आणि चुकलेला प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करण्याच्या चिकाटीने हळूहळू हाती येतो. या तिन्ही गोष्टींचा सराव आपल्या शाळेच्या लहानशा प्रयोगशाळेतही होऊ शकतो. तेव्हा पुढच्या तासास सूक्ष्मदर्शक तुमच्यापुढे येईल त्या वेळी आकृती शेजाऱ्याच्या वहीतून न उतरविता स्वतःच्या डोळ्यांनी पाहून काढा. परमेश्वराने निर्मिलेल्या या अद्भुत देहाचे एक पान तरी तुम्हांपैकी कोणी नव्याने वाचावे, आणि त्या वाचनाने कोणा दुःखिताचा भार हलका व्हावा, हीच आमची प्रार्थना आहे.